जुने पंचांग कोणाच्या हातात आहे?

हाँगकाँग आणि दक्षिण चीनमध्ये बोलल्या जाणाऱ्या कँटोनीज भाषेत ताठर माणसाविषयी एक म्हण आहे : तो एकच पंचांग म्हातारपणापर्यंत वाचत बसतो. पंचांग त्या-त्या वर्षाचे असते. ते वर्ष सरले की त्यातले मुहूर्त, महिने, पावसाचे अंदाज यांचा उपयोग संपतो, आणि तरीही जो तेच चाळत राहतो त्याची हेटाळणी या म्हणीत आहे. ज्या समाजाने ही म्हण घडवली त्याच समाजावर आज तो आरोप केला जातो आहे. हाँगकाँगच्या शाळांत चिनी भाषा हा विषय मँडरिनमधून, म्हणजे चीनच्या अधिकृत समान भाषेतून, शिकवावा की कँटोनीजमधून, हा वाद गेली दोन-अडीच दशके चालू आहे आणि त्यात कँटोनीजचा आग्रह धरणाऱ्यांना काळाची पावले न ओळखणारे, पोथीनिष्ठ, भूतकाळात रमलेले ठरवून वाद मिटवून टाकण्याचा प्रयत्न वारंवार होतो. मला ही वादाची रीतच चुकीची वाटते. एखादी गोष्ट जुनी आहे म्हणून ती धरून ठेवणारा ताठर ठरत नाही, आणि एखादी गोष्ट नवी व सत्तेच्या पाठबळाची आहे म्हणून ती लादणारा लवचीक ठरत नाही. हाँगकाँगमध्ये चिनी विषय कँटोनीजमधून शिकवला जावा आणि मँडरिन स्वतंत्र विषय म्हणून उत्तम शिकवली जावी, असे माझे स्पष्ट मत आहे. या वादात बदलायला तयार नसलेली बाजू कोणती, हे त्या भूमिकेच्या वयावरून ठरत नाही. आपली भूमिका कोण पुराव्याशी ताडून पाहतो, यावरून ते ठरते.

म्हणीतल्या पंचांगाकडेच आधी पाहू, कारण ते दिसते तितके गोठलेले कधीच नव्हते. दक्षिण चीनमध्ये ‘थुंग-स्यू’ किंवा ‘थुंग-सिंग’ या नावाने ओळखला जाणारा हा लाल वेष्टनाचा जाडजूड ग्रंथ घराघरात असतो. त्यात चोवीस ऋतुसंधी असतात, लग्नाचे आणि गृहप्रवेशाचे दिवस असतात, वसंतातील बैल आणि त्याच्या गुराख्याचे चित्र असते आणि गुराख्याच्या पायांत वहाणा आहेत की नाहीत यावरून पाऊसपाण्याचे अनुमान काढले जाते. इथपर्यंत सगळे आपल्या दाते पंचांगाच्या वाचकाला ओळखीचे वाटेल. पण याच ग्रंथाच्या जुन्या आवृत्त्यांत चिनी अक्षरे तारेने पाठवण्यासाठी लागणारे चार-चार अंकांचे संकेत छापलेले आढळतात, आणि रोजच्या वापरातल्या इंग्रजी शब्दांची यादीही आढळते. त्या यादीत इंग्रजी उच्चार दाखवण्यासाठी कँटोनीज वाचनाची चिनी अक्षरे वापरलेली असतात. बंदरात, परक्या मालकाच्या कचेरीत किंवा जहाजावर काम करणाऱ्या माणसाला जे लागेल ते पंचांगाने आपल्या पोटात घेतले. मुहूर्त आणि तारसंकेत एकाच बांधणीत राहिले आणि एकासाठी दुसऱ्याला हाकलून देण्याची गरज कोणाला वाटली नाही. म्हणीने पंचांगाला नावे ठेवलेली नाहीत. गेल्या वर्षीचे पंचांग यंदा लागू करणाऱ्याला नावे ठेवली आहेत. हा भेद विसरला गेला की परंपरा जपणारा प्रत्येक माणूस हेकेखोर दिसू लागतो.

चीनच्या इतिहासात पंचांगावरूनच खरोखरचा ताठरपणा कसा असतो हे एकदा उघड्यावर दिसले होते. मिंग घराण्याचा पाडाव झाल्यावर १६४५ मध्ये नव्या छिंग दरबाराने जर्मन जेझुइट धर्मगुरू आदाम शाल याच्या गणितावर बेतलेली कालगणना स्वीकारली. यांग क्वांगश्येन या विद्वानाने तिच्यावर जोरदार हल्ला चढवला. चीनमध्ये चांगले पंचांग नसले तरी चालेल, पण पाश्चात्त्य माणसे असता कामा नयेत, ही त्याची भूमिका त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे. १६६५ मध्ये शालला शिक्षा झाली आणि खगोल विभागातल्या पाच चिनी ख्रिस्ती अधिकाऱ्यांचा शिरच्छेद झाला. पुढे यांगच्याच हाती पंचांग आले. १६६८ च्या अखेरीस तरुण सम्राट कांगशीने वाद मिटवण्याचा सरळ मार्ग काढला : भर दुपारी काठीची सावली नेमकी कुठे पडेल ते दोन्ही पक्षांनी आधी सांगावे. बेल्जियमहून आलेल्या, शालच्याच पक्षातल्या फर्बीस्टचे भाकीत बरोबर निघाले, यांगच्या पक्षाला ते जमले नाही, शिवाय त्यांच्या पंचांगात अधिक मास चुकीच्या जागी घातल्याचे दिसून आले, आणि १६६९ मध्ये यांगची गच्छंती झाली. आपल्याकडे केरूनाना छत्र्यांपासून लोकमान्य टिळकांपर्यंत ज्यांनी पंचांगाचे गणित आकाशाशी ताडून पाहण्याचा आग्रह धरला, तेही पंचांग मोडायला निघालेले नव्हते. उलट ते जपण्यासाठीच त्यांनी हा आग्रह धरला होता. हाँगकाँगच्या भाषावादात अशी काठी उभी करून सावली मोजण्याची तयारी कोणत्या बाजूची आहे?

विरुद्ध बाजूचे म्हणणे हलके नाही, आणि ते हलके असल्यासारखे वागणाऱ्यांनीच या वादाचे निम्मे नुकसान केले आहे. पहिला मुद्दा समान भाषेचा. चीनसारख्या अवाढव्य देशात ग्वांगडाँगचा माणूस, सिचुआनचा माणूस आणि शांघायचा माणूस आपापल्या बोलीत बोलले तर एकमेकांना कळत नाहीत. शेन्झेन हे ग्वांगडाँगमधलेच शहर, हाँगकाँगला खेटून असलेले. पण १९८० नंतर तिथे हुनान, सिचुआन, हनानमधून लाखो कामगार आले आणि मँडरिनवाचून त्या शहराचा गाडा चाललाच नसता. गरीब प्रांतातल्या मुलीला दूरच्या कारखान्यात काम मिळवून देणारी, सरकारी कचेरीत स्वतःची तक्रार स्वतः मांडण्याचे बळ देणारी समान भाषा ही मोठी लोकशाही गोष्ट आहे, आणि तिला केवळ दडपशाहीचे हत्यार म्हणणे म्हणजे त्या मुलीच्या आयुष्याकडे पाठ फिरवणे होय. हे मी पूर्ण मान्य करतो. पण समान भाषा येणे आणि मातृभाषा वर्गातून जाणे या दोन गोष्टींची मोट का बांधायची? हाँगकाँगमध्ये १९९६ ला मँडरिन बोलू शकणाऱ्यांचे प्रमाण साधारण एक चतुर्थांश होते, २०२१ च्या जनगणनेत ते निम्म्याच्या वर गेले. मुख्य भूमीवरून आलेल्या लोकांचाही त्यात वाटा आहे, हे खरे. तरी याच काळात सुमारे ८८ टक्के लोकांची नेहमीची भाषा कँटोनीजच राहिली. म्हणजे एकीला आत घेण्यासाठी दुसरीला बाहेर काढावे लागते, या गृहीतकाला या शहराने आपल्या रोजच्या वागण्यातून उत्तर दिले आहे.

दुसरा मुद्दा अधिक भक्कम आहे, कारण तो शिक्षणाच्या गाभ्याला हात घालतो. प्रमाण लिखित चिनी ही मँडरिनच्या व्याकरणावर आणि शब्दांवर उभी आहे. हाँगकाँगचे मूल ‘ते घरी जेवतात’ हे बोलताना ‘खोय-तेइ हाय ऊक-खेइ सिक फान’ असे म्हणते. तेच वाक्य वहीत लिहिताना त्याला प्रमाण चिनी वाक्य लिहावे लागते, आणि ते कँटोनीज उच्चारांत वाचले की ‘था-मुन चोय का-लोय हेक फान’ असे होते. दोन्हीकडे सात-सात अक्षरे आहेत आणि त्यांपैकी फक्त शेवटचे, ‘भात’ या अर्थाचे अक्षर समान आहे. सहा वर्षांच्या मुलाकडून आपण काय मागतो आहोत याचा विचार करावा : तोंडी असलेले वाक्य बाजूला ठेव, जे कोणी घरात बोलत नाही ते वाक्य आठव, त्याची अक्षरे शिक आणि मग ती आपल्या उच्चारांत वाच. मँडरिनमधून शिकवले तर बोलणे आणि लिहिणे जुळेल, निबंध सुधारेल, असे म्हणणाऱ्या शिक्षकाला मी दुराग्रही म्हणू शकत नाही. त्याला मुलाची अडचण दिसली आहे.

अडचण खरी असली तरी उपाय लागू पडतो की नाही हे वेगळे तपासावे लागते. मँडरिनमधून शिकवलेल्या वर्गांतील मुलांचे चिनी लेखन सरसकट अधिक चांगले होते, असा निर्विवाद निष्कर्ष इतक्या वर्षांच्या प्रयोगांनंतरही निघालेला नाही. आणि त्याचे कारण वर्गात थोडा वेळ बसले तरी कळेल. मूल घरात, बसमध्ये, खेळाच्या मैदानावर कँटोनीज बोलते. वर्गात मँडरिन आली की जुळणी होते ती शिक्षकाच्या बोलण्याची आणि पुस्तकाची. मुलाचे बोलणे आणि पुस्तक यांच्यातली फट होती तशीच राहते. वरून आणखी एक होते : कवितेवर, गोष्टीवर वर्गात जी चर्चा व्हायला हवी ती आटते, कारण नीट न येणाऱ्या भाषेत मूल शंका विचारत नाही, उत्तर ठाऊक असले तरी गप्प बसते. भाषेच्या तासाला जे मूल गप्प बसते त्याचे लेखन कशाने सुधारणार?

शिवाय बोलणे आणि लिहिणे जुळले पाहिजे हे तत्त्व घ्यायचेच असेल तर ते शेवटपर्यंत न्यावे. आपला हात आपल्या तोंडचेच लिहील, असे तरुणपणी, १८६८ च्या सुमारास, कवितेत म्हणणारा ह्वांग त्सुनश्येन हा ग्वांगडाँग प्रांतातला, हाक्का बोली बोलणाऱ्या समाजातला कवी होता, उत्तरेतला नव्हता. पुढे १९१७ मध्ये हू शी या विचारवंताने अभिजात चिनी सोडून बोलीभाषेत साहित्य लिहिण्याचा पुरस्कार केला आणि १९१९ च्या चळवळीने तो विचार देशभर पोहोचवला. तेव्हा अभिजात भाषेच्या कैवाऱ्यांनी जो युक्तिवाद केला तो असा : दोन हजार वर्षांचे लेखन एका सूत्रात बांधणारी हीच भाषा आहे, तिच्याऐवजी बोली आल्या तर एकी मोडेल आणि वाङ्मयाचा दर्जा घसरेल. सुधारकांनी तो युक्तिवाद फेटाळला आणि जिवंत बोलण्यातून लेखन घडवले. आज त्याच सुधारकांचे वारस कँटोनीजमधून लिहिणाऱ्याला नेमके तेच दोन धोके सांगतात. तोंडचे हाताने लिहावे हे तत्त्व पेकिंगच्या, म्हणजे बीजिंगच्या, मुलाला लागू होते आणि हाँगकाँगच्या मुलाला नाही, असे का? हाँगकाँगमध्ये रोजच्या जाहिराती, निरोप, वर्तमानपत्रांतली सदरे, साक्षीदारांचे जबाब यांत कँटोनीज लिहिलीच जाते. मुलाला प्रमाण चिनी लिहिता आलीच पाहिजे यात दुमत नाही. पण घरची भाषाही लिहिण्याजोगी आहे, दोन्हींत वाक्य असे-असे वेगळे होते, हे वर्गात उघडपणे शेजारी-शेजारी मांडून दाखवले, तर ती फट अडचण न राहता अभ्यासाचा विषय होईल. चांगले शिक्षक आजही हे करतात, मात्र अभ्यासक्रमाचा आधार नसल्यामुळे स्वतःच्या हिमतीवर करतात.

कँटोनीज बदलाला नाखूश असते, हा आरोप तर भाषेचा इतिहास माहीत असलेल्या कोणालाही टिकवता येणार नाही. इंग्रजांच्या बंदरात राहून तिने बसला ‘पा-सी’, टॅक्सीला ‘तिक-सी’, टोस्टला ‘तो-सी’, दुकानाला ‘सी-तो’ केले आणि स्ट्रॉबेरीला ‘सी-तो-पे-लेइ’ म्हणून आपल्या स्वरांत बसवून टाकले. मँडरिनने यांतल्या अनेक वस्तूंसाठी अर्थावरून नवे शब्द घडवले. तो मार्गही उत्तम आहे, पण मग परक्याला दार उघडणारी भाषा कोणती म्हणायची? बोलण्यातल्या ज्या शब्दांना प्रमाण लिपीत अक्षर नव्हते त्यांच्यासाठी लोकांनी अक्षरे घडवली, आणि ती संगणकावर उमटावीत म्हणून हाँगकाँग शासनाला १९९९ मध्ये ४,७०२ अक्षरांचा पुरवणी संच प्रसिद्ध करावा लागला. रोमन लिप्यंतराची ‘यूतपिंग’ ही पद्धत १९९३ मध्ये तिथल्या भाषाभ्यासकांच्या संस्थेने तयार केली. आणि सर्वांत बोलके उदाहरण रंगभूमीचे आहे. कँटोनीज ऑपेरा आज परंपरेचा मानबिंदू मानला जातो, २००९ मध्ये युनेस्कोने त्याला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. पण हा ऑपेरा कित्येक पिढ्या कँटोनीजमध्ये गायलाच जात नव्हता. नट मंचावर उत्तरेकडच्या धाटणीची ‘मांडवी’ दरबारी भाषा बोलत आणि प्रेक्षक ती सवयीने समजून घेत. १९२० आणि १९३० च्या दशकांत सित कोक-सिन, मा सी-त्सांग यांच्या पिढीने गायन लोकांच्या बोलीत आणले, आवाजाची पट्टी खाली उतरवली आणि वाद्यवृंदात व्हायोलिन आणि सॅक्सोफोन बसवले. आज ज्याला आपण शुद्ध परंपरा म्हणतो तिच्या पोटात ही धाडसी मोडतोड आहे. सॅक्सोफोनच्या साथीने जुनी पदे गाणाऱ्या लोकांच्या भाषेला गोठलेली म्हणणे हा निव्वळ अज्ञानाचा भाग आहे.

आता ज्या बाजूने मी बोलतो आहे तिच्याकडे वळतो, कारण तिच्या हातातही जुनी पंचांगे आहेत आणि ती टाकून दिल्याशिवाय तिचा पक्ष बळकट होणार नाही. पहिले, एका मताची दंतकथा. प्रजासत्ताकाच्या आरंभी राष्ट्रभाषेसाठी मतदान झाले आणि कँटोनीज अवघ्या एका मताने हरली, असे अभिमानाने आणि हळहळीने सांगितले जाते. असे मतदान झाले नाही. १९१३ मध्ये पेकिंगमध्ये उच्चार एकसारखे करण्यासाठी परिषद भरली, तीत प्रांतागणिक एक मत होते, अक्षरांचे उच्चार एकेक करून ठरवले गेले आणि त्यातून जे निघाले ते कोणाच्याही घरी न बोलले जाणारे मिश्र उच्चार होते. ते पुढे चालले नाहीत आणि मग पेकिंगचे उच्चार प्रमाण मानले गेले. दुसरे, कँटोनीज म्हणजे थांग काळाची (सातव्या ते दहाव्या शतकाची) भाषा, हा दावा. शेवटचे प, त, क आणि म हे व्यंजन-उच्चार तिने जपले आहेत आणि जुनी कविता तिच्यात अधिक चांगली यमकते, हे खरे. पण एकोणिसाव्या शतकातल्या मिशनऱ्यांच्या कोशांत वेगवेगळ्या नोंदलेल्या ऊष्म (स, श यांसारख्या) ध्वनींच्या दोन ओळी आज तिच्यात एक झाल्या आहेत आणि मँडरिनने तसा भेद टिकवला आहे. कोणतीही जिवंत भाषा हजार वर्षे जागच्या जागी उभी राहत नाही. तिसरे आणि सर्वांत घातक म्हणजे शुद्ध उच्चाराचा अट्टहास. १९८० च्या दशकापासून काही विद्वानांनी १००८ मध्ये पूर्ण झालेल्या सोंगकालीन यमककोशावरून आजचे उच्चार ठरवण्याचा प्रयत्न केला, आणि त्याच्या प्रभावाखाली ‘वेळ’ या अर्थाच्या रोजच्या शब्दातील अक्षराचा लोकांच्या तोंडचा सूरसुद्धा प्रक्षेपणात बदलला गेला. तरुण मुले ‘नेइ’ (तू) ऐवजी ‘लेइ’ म्हणतात म्हणून त्यांच्या उच्चारांना ‘आळशी’ म्हटले जाते. हजार वर्षांपूर्वीचा कोश समोर ठेवून आजच्या बसमधल्या मुलीला चुकीचे ठरवणे, ही म्हणीतल्या माणसाचीच वागणूक झाली. कँटोनीजचा हक्क तिच्या प्राचीनतेवर उभा नाही. तो आज सत्तरएक लाख वस्तीच्या शहरात ती बोलली जाते, तिच्यात न्यायालये चालतात, विधिमंडळात भाषणे होतात, मुले भांडतात आणि समेट करतात, यावर उभा आहे.

‘ती बोली आहे, भाषा नाही’ हा युक्तिवाद या वादात अखेरचा शब्द असल्यासारखा टाकला जातो. २०१४ मध्ये हाँगकाँगच्या शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर कँटोनीज ही अधिकृत भाषा नाही अशा आशयाचा मजकूर आला आणि लोकांच्या संतापानंतर तो मागे घ्यावा लागला. १९७४ च्या कायद्याने आणि पुढे मूलभूत कायद्याच्या नवव्या कलमाने अधिकृत ठरवली आहे ती ‘चिनी’, आणि ती कोणत्या उच्चारांची हे त्यात म्हटलेले नाही. मराठी वाचकाने या ठिकाणी थोडे थांबून स्वतःकडे पाहिले पाहिजे, असे मला मनापासून वाटते. कोकणी ही मराठीची बोली आहे, तिला वेगळे स्थान मागणारे लोक संकुचित आहेत, असे आपल्यातल्या कितीतरी विद्वान, सहृदय माणसांनी वर्षानुवर्षे मांडले. साहित्य अकादमीने १९७५ मध्ये कोकणीला स्वतंत्र साहित्यभाषा मानले, १९८७ मध्ये गोव्यात ती राजभाषा झाली, १९९२ मध्ये आठव्या अनुसूचीत आली. मराठीचे त्यामुळे काय बुडाले? गोव्यात मराठी नाटके होतात, मराठी वर्तमानपत्रे निघतात, देवळांत मराठी अभंग गायले जातात. आणि याच मराठी समाजाने २०२५ मध्ये, पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा करण्याचा १६ एप्रिलचा शासन निर्णय आला तेव्हा, मुलाच्या वयाचा आणि घरच्या भाषेचा मुद्दा काढून तो इतक्या जोराने लढवला की १७ जूनचा सुधारित निर्णय निघून पंधरवडाही झाला नाही तोच, २९ जूनला, शासनाला माघार घ्यावी लागली. हिंदी एक विषय म्हणून येणार होती, हाँगकाँगमध्ये प्रश्न माध्यमाचा आहे, हा फरक मोठा आहे. तरीही जो न्याय आपण आपल्या मुलासाठी मागितला तो म्हापशाच्या किंवा काऊलूनच्या मुलासाठी मागताना आपली जीभ अडखळता कामा नये.

समान भाषेसाठी घरची भाषा सोडण्याचा प्रयोग पूर्णत्वाला गेलेला पाहायचा असेल तर सिंगापूरकडे पाहावे. १९७९ मध्ये पंतप्रधान ली क्वान यू यांनी मँडरिन बोलण्याची मोहीम सुरू केली. त्यांचा युक्तिवाद विचारपूर्वक केलेला होता : मुलाच्या डोक्यावर घरची होक्कियन किंवा कँटोनीज, शाळेची मँडरिन आणि इंग्रजी असा तिहेरी भार पडतो, त्यातला पहिला उतरवला तर बाकीचे दोन पेलतील. लवकरच दूरचित्रवाणीवरच्या कँटोनीज मालिका मँडरिन ध्वनिमुद्रण करून दाखवल्या जाऊ लागल्या. मोहीम यशस्वी झाली. २०२० च्या जनगणनेत घरात प्रामुख्याने चिनी बोली बोलणारे ८.७ टक्केच उरले होते. पण मँडरिनची जागा पक्की झाली का? त्याच जनगणनेत घरात प्रामुख्याने मँडरिन बोलणारे २९.९ टक्के आणि इंग्रजी बोलणारे ४८.३ टक्के निघाले. आजीची भाषा उपयोगाची नाही म्हणून टाकून द्यायला ज्या पिढीला शिकवले, तिने उपयुक्ततेचा तोच नियम पुढे मँडरिनलाही लावला. आणि ज्या वृद्धांचे बोलणे पडद्यावरून हटवले होते त्यांच्यापर्यंत आरोग्याच्या आणि पेन्शनच्या योजना पोहोचवण्यासाठी शासनाला काही वर्षांपूर्वी पुन्हा होक्कियन आणि कँटोनीजमध्ये कार्यक्रम बनवावे लागले. ज्यांना हाँगकाँगमध्ये हाच मार्ग धरायचा आहे त्यांनी निदान त्या मार्गाचा शेवट कुठे होतो हे तरी वाचावे.

चीनच्या राज्यकर्त्यांनीही नेहमी असाच विचार केला असे नाही. १९५६ मध्ये समान भाषेच्या प्रसाराचा आदेश निघाला आणि १९५८ च्या जानेवारीत पंतप्रधान चौ एन-लाय यांनी स्पष्ट केले की हा प्रसार निरनिराळ्या बोलींतील अडसर दूर करण्यासाठी आहे, बोली बंद पाडण्यासाठी किंवा नाहीशा करण्यासाठी नाही. त्या धोरणात समंजसपणा होता. २०१० च्या जुलैत, आशियाई स्पर्धांच्या तोंडावर, ग्वांगझौच्या दूरचित्रवाणीने मुख्य वाहिन्यांवर मँडरिनचा वापर वाढवावा अशी सूचना शहराच्या सल्लागार मंडळाकडून आली. तेव्हा लोक रस्त्यावर उतरले, त्यांत बहुसंख्य तरुण होते. ते मँडरिन अस्खलित बोलणारे होते, मँडरिनमधून शिकलेले होते. समान भाषा त्यांना आली होती, फक्त तिच्यासाठी स्वतःच्या आजी-आजोबांशी बोलणे तुटावे हे त्यांना मान्य नव्हते. अशा तरुणांना प्रादेशिक अहंकाराचे लेबल लावून मोकळे होणे ही १९५८ च्या भूमिकेपासूनची पीछेहाट आहे. २०२३ मध्ये तर हाँगकाँगमधील कँटोनीजच्या प्रसारासाठी काम करणारी एक संस्था, राष्ट्रीय सुरक्षा पोलिसांच्या चौकशीनंतर, बंद झाली. जो वाद वर्गात, पुराव्याच्या आधारे व्हायचा तो सुरक्षेचा प्रश्न होऊन बसला, तर सावली मोजण्याचा मार्गच बंद होतो.

हाँगकाँगमधल्या दक्षिण आशियाई मुलांचा विचारही या वादात कोणी पुरेसा करत नाही. भारतीय, पाकिस्तानी, नेपाळी कुटुंबांतली ही मुले तिथेच जन्मली, वाढली. पोलीस दलात, रुग्णालयात, दुकानात काम मिळवायचे तर त्यांना लोकांशी कँटोनीजमध्ये बोलता आले पाहिजे, आणि लिहिण्याची चिनी शिकणे त्यांना आधीच जड जाते, कारण घरात मदत करणारे कोणी नसते. त्यांना चिनी विषय मँडरिनमधून शिकवला तर शाळेत एक भाषा, शेजारात दुसरी आणि वहीत तिसरी असे होईल. लवचीकता आणि समावेशकता यांचे नाव घेऊन केलेला बदल सगळ्यांत दुबळ्या मुलावर सगळ्यांत जास्त ओझे टाकत असेल, तर त्या बदलाला पुरोगामी कसे म्हणायचे? मँडरिन आली की मुख्य भूमीवर नोकरी मिळेल, असे सांगणाऱ्या पालकांची चिंता रास्त आहे. पण ती चिंता मँडरिनचा तास, चांगले शिक्षक, बोलण्याचा भरपूर सराव यांनी भागते. त्यासाठी निबंधाचा आणि कवितेचा तास बळी देण्याची गरज नाही.

अभ्यासक्रम ठरवणाऱ्या मंडळाने २००० च्या सुमारास, चिनी विषय मँडरिनमधून शिकवणे हे दीर्घकालीन उद्दिष्ट असल्याचे लिहून ठेवले. ते कशाच्या आधारावर ठरवले, ते साध्य करण्याची मुदत कोणती आणि कोणता पुरावा समोर आला तर ते बदलायचे, हे नंतरही स्पष्ट झालेले नाही. दरम्यान काही शाळांनी सगळे वर्ग बदलले, काहींनी हुशार मुलांच्या तुकड्या तेवढ्या बदलल्या, काही शाळा परत कँटोनीजकडे आल्या, आणि पालक कुठली शाळा ‘पुढारलेली’ याचा अंदाज माध्यमावरून बांधू लागले. शिक्षण विभागाने ते उद्दिष्ट आता मागे घ्यावे. दोन्ही माध्यमांच्या वर्गांतील मुलांचे लेखन, वाचन आणि वर्गातला सहभाग यांची तुलना नावे झाकून करावी, तिचे आकडे जसेच्या तसे प्रसिद्ध करावेत, आणि तोपर्यंत पहिली ते तिसरीचा चिनी विषय मुलाच्या तोंडच्या भाषेतच शिकवावा. निष्कर्ष कँटोनीजच्या विरुद्ध गेला तर माझ्यासारख्यांनीही आपले मत बदलले पाहिजे, आणि ती तयारी ठेवूनच मी हे लिहितो आहे.